घाम न आलेल्या बायका

यमुना झाडे उपकेंद्राच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढून आली, तेव्हा तिच्या अंगात एकशे सहा ताप होता.

चपला काढून तिने भिंतीशी नीट ठेवल्या, बाकावर बसली आणि हसली.

"पोरगी म्हणते डोळे लाल हायेत, सिस्टरले दाखवून ये. म्हणून आली. मले तर काईच होत नाई. उलट गार वाटून राहिलं."

सिस्टर अल्का वैरागडेलाही पहिल्यांदा काही वावगं दिसलं नाही. आंबेझरीच्या उपकेंद्रात ती अकरा वर्षं होती आणि यमुनेला चांगली ओळखत होती. अठ्ठेचाळीस वर्षांची काटक बाई. रोजगार हमीच्या तळ्याच्या कामावरून थेट आली होती. बाहेर सत्तेचाळीस अंश होतं. चंद्रपूरच्या बाजूला आता मे महिन्यात सत्तेचाळीस ही काही बातमी राहिली नव्हती.

अल्काने सवयीने थर्मामीटर लावलं. आकडा बघून तिने ते झटकलं, दुसरं काढलं. तोच आकडा. मग तिने यमुनेच्या दंडावर हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. दंड तव्यासारखा तापला होता. आणि कोरडा होता. गळ्याशी, काखेत, पाठीवर, कुठेही घामाचा टिपूस नव्हता. भर दुपारी माती वाहून आलेल्या बाईचं पोलकं धुऊन वाळवल्यासारखं कोरडं होतं.

"यमुनाबाई, पाणी प्यालात?"

"तहान नाई ना लागली."

अल्काने ॲम्ब्युलन्सला फोन केला, चादरी भिजवल्या, पंखा ओढून जवळ आणला. यमुना निजल्या निजल्या बोलत होती. रात्री किती छान झोप लागते, पोरीचं लग्न दिवाळीनंतर करायचं आहे. मग तिने अल्काचा हात धरला आणि तिला "माय" अशी हाक मारली. दोनदा. अल्का तिच्या आईसारखी दिसत नव्हती.

चादर मानेखाली सरकवताना यमुनेच्या उजव्या कानामागे तिला ती दिसली. रुपयाएवढी चपटी, कातडीच्या रंगाची चकती. तिच्या मधला बारीक दिवा हिरवा लुकलुकत होता. हिरवा म्हणजे सगळं ठीक.

ॲम्ब्युलन्स निघून गेली. अल्का दारात उभी राहिली आणि तिचा हात आपोआप स्वतःच्या कानामागे गेला. तिथेही एक होती.

*

बनवणाऱ्या कंपनीने त्या चकतीचं नाव 'शीतिका' ठेवलं होतं, पण गावात सगळे टिकलीच म्हणत. कंपनीने जिल्ह्यातल्या सहा गावांत ती चाचणीसाठी दिली होती. त्रेचाळीस बायकांच्या कानांमागे ती अल्काने स्वतःच्या हाताने बसवली होती. आणि पहिली स्वतःला.

त्याआधीची तीन वर्षं तिला आठवायला नको वाटत. सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी थांबली आणि वाफा सुरू झाल्या. गावातल्या बायकांकडे त्याला हाच शब्द होता, अंगात वाफ येणं. छातीच्या खालून काहीतरी पेटत वर यायचं, मान, कान, चेहरा भाजून निघायचा, हृदय धाडधाड वाजायचं आणि मग घामाची आंघोळ. दोन मिनिटांनी हुडहुडी. लसीकरणाच्या रांगेसमोर, हातात सुई असताना. सरपंचासमोर. रात्रीतून तीनदा गाऊन बदलायचा, उशीवर टॉवेल घालायचा. नवरा, दिवाकर, शाळेत मास्तर. तो कधी वाकडा शब्द बोलला नाही, पण एक दिवस आपली गादी त्याने पुढच्या खोलीत नेली आणि परत आणली नाही. झोप नसलेल्या अल्काने एकदा बाळाला एकच लस दोनदा द्यायला घेतली होती. बाळाच्या आईनेच हात धरला म्हणून निभावलं.

कंपनीच्या प्रशिक्षणात तिला या सगळ्याचं कारण पहिल्यांदा नीट कळलं होतं. मेंदूच्या तळाशी हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक जागा असते. अंगाच्या उष्णतेवर तिची नजर असते. तिच्याकडे दोन रेघा असतात. उष्णता वरच्या रेघेला टेकली की घाम सोडायचा, खालच्या रेघेला टेकली की कुडकुडायचं. दोन्हींच्या मधे ऐसपैस जागा असते, म्हणून चहा प्यायला किंवा जिना चढला तरी काही बिघडत नाही. त्या जागेच्या शेजारी पेशींचा एक पुंजका आहे आणि बाईच्या अंगातलं एक संप्रेरक त्याला आयुष्यभर दटावून गप्प बसवत असतं. पाळी जाते, संप्रेरक आटतं, तसा तो पुंजका फुगतो आणि आरडाओरडा करू लागतो. वरची रेघ खाली येत येत खालच्या रेघेला जवळजवळ चिकटते. मग घोटभर चहानेही मेंदूला वाटतं, भट्टी पेटली. तो सगळी दारं उघडतो. घाम काढतो.

टिकली त्या पुंजक्याला गप्प करत असे. छातीच्या हाडावर नखाएवढी एक पट्टी असे, तिला घामाची पहिली चाहूल लागायची. ती टिकलीला कळवायची आणि टिकली ऐकू न येणाऱ्या ध्वनीच्या लहरी नेमक्या त्या पुंजक्यावर सोडायची. पुंजका शांत, रेघ वर, वाफ आलीच नाही. शिवाय टिकली शिकायची. प्रत्येक बाईची वाफ ओळखून दिवसागणिक जास्त लवकर, जास्त जोराने काम करायची.

गेल्या जुलैत अल्काने ती लावली. नवव्या दिवशी ती रात्रभर झोपली. सकाळी उठून ती कोरड्या उशीवर गाल ठेवून रडली. दिवाकरची गादी परत आली.

मग तिने बाकीच्यांना लावल्या. आपल्या अनुभवाने सांगितलं, हात धरून सांगितलं. यमुना घाबरत होती, "डोक्यात काही जाते का जी?" म्हणत होती. अल्का म्हणाली होती, "माझ्याकडे बघा ना!"

*

दुपारचा एक वाजला होता. अल्का खुर्चीवर बसली आणि मान, पाठ, काखा चाचपून बघू लागली. सकाळी बारा किलोमीटर स्कूटर चालवून ती आली होती. खोलीतला कूलर दोन दिवसांपासून बंद होता. तिला मस्त वाटत होतं. यंदा उन्हाळा बाधलाच नाही, असं कालच ती दिवाकरला म्हणाली होती.

तिने थर्मामीटर जिभेखाली धरलं. एकशे दोन पूर्णांक चार.

ती उठून आरशापुढे गेली. चेहरा लाल होता, ओठ सुकले होते. आरशातली बाई आजारी होती आणि इथे उभ्या असलेल्या बाईला काहीच होत नव्हतं. अल्काला आपल्याच कातडीत कुणीतरी परकं असल्यासारखी भीती वाटली. तिने नळाखाली डोकं धरलं आणि ओल्या हाताने कंपनीला फोन लावला.

केदार नावाचा तरुण इंजिनिअर नेहमी तिच्याशी बोलत असे.

"सिस्टर, आमच्याकडे तर सगळ्यांचे आकडे उत्तम दिसतायत," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत घामाचे प्रसंग शून्य. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस बायका, शून्य."

"केदार, इथं सत्तेचाळीस अंश आहे. इथं माणसाला घाम यायला नको का?"

उत्तराची वाट न बघता तिने पुढचं विचारलं.

"तुमच्या त्या पट्टीला वाफेचा घाम आणि उन्हाचा घाम वेगळा कळतो का?"

"आम्ही..." तो थांबला. "सिस्टर, आधीची चाचणी शहरात झाली होती. ऑफिसात काम करणाऱ्या बायकांवर. एसीमध्ये घाम आला तर तो वाफेचाच असणार, असं धरलं होतं."

"म्हणजे उन्हात घाम यायला लागला की ती रेघ वर नेते. दुसऱ्या दिवशी अजून वर."

"हो."

"किती वर गेलीय?"

त्याचा कळफलक वाजल्याचं तिला ऐकू आलं. "तुमची एकशे तीनच्या पुढे. काही जणींची एकशे पाच. तिथं पोचेपर्यंत मेंदूला उकाडा जाणवणारच नाही. तहानसुद्धा नाही."

"बंद कर सगळ्या. आत्ता."

"करतो. परवानगी नंतर बघू. पण सिस्टर..." तो घाईने म्हणाला. "टिकली बंद केली, काढून फेकली तरी मेंदू शिकलेलं लगेच विसरत नाही. आठ दिवस, पंधरा दिवस लागतील. किती ते कुणालाच माहीत नाही. तोवर त्यांना पाण्यात ठेवा. त्यांचा घाम तुम्ही वरून घाला."

अल्काने नखाने टिकली उपटली. कातडी सोलली गेली. मग यादी काढून तिने फोन लावायला सुरुवात केली. जी उचलेल तिला एकच वाक्य: अंगावर पाणी ओता, सावलीत बसा, बरं वाटत असलं तरी. 'बरं वाटत असलं तरी' हे तिने प्रत्येकीला दोनदा सांगितलं. तासाभरात तेहेतीस जणी झाल्या. यमुना धरून चौतीस.

नऊ जणी राहिल्या. त्या नऊही मोहाळा फाट्यावरच्या मिरची सातऱ्यावर, मिरच्या वाळवायच्या आवारात होत्या. तिथं दिवसभर मिरच्यांचे देठ खुडायचे काम चाले आणि फोन डब्यांबरोबर पिशव्यांत पडलेले असत. त्या नऊ जणींत अल्काची मोठी नणंद होती, बेबीताई.

*

सातरा सहा किलोमीटरवर होता. अल्काने पंजाबी ड्रेस भिजवला, डोक्याला ओला टॉवेल गुंडाळला, पिशवीत थर्मामीटरं टाकली आणि स्कूटर काढली.

गरम वारा तोंडावर आदळत होता. एका किलोमीटरमध्ये टॉवेल वाळला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि तिला छान वाटत होतं, हेच सगळ्यात भयंकर होतं. जणू हिवाळ्यातल्या सकाळी फिरायला निघावं तसं. थोडं थांबावं, त्या पळसाखाली टेकावं, घाई काय आहे, असं कुणीतरी आतून गोड आवाजात सांगत होतं. इतक्या वर्षांत उष्माघाताचे किती रोगी तिने पाहिले होते. हा आवाज कुणाचा, ते तिला ठाऊक होतं. आपल्या अंगातलं आता काहीच खरं बोलत नाही. खरी आहे ती फक्त ही भीती. ती सुटली तर आपण गेलो.

तिने मोठ्याने पाढे म्हणायला सुरुवात केली. एकोणीसच्या पाढ्यात ती अडकली. एकोणीस सक? एकोणीस सक? तिला येईना. वाटेतल्या हातपंपापाशी तिने स्कूटर जवळजवळ पाडलीच. पाणी उपसून अंगावर घेतलं, थर्मामीटर लावलं. एकशे तीन पूर्णांक एक. ती पंपाखाली बसून राहिली, एका हाताने दांडा मारत. आकडा एकशे दोनवर यायला दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत सातऱ्यावर काय होत असेल, हा विचार टाळायला ती पाढा पुन्हा घोकत होती. एकोणीस सक चौदाशे... नाही. एकशे चौदा. आलं. ती उठली.

सातऱ्यावर टिनाच्या छपराखाली लाल मिरच्यांचे ढीग होते. काही बायका निंबाखाली आडव्या झाल्या होत्या. नऊ जणी मात्र ढिगाशी बसून भराभरा देठ खुडत होत्या, गप्पा मारत होत्या. मालक खूश असणार. टिकलीवाल्या दुपारीही थांबत नाहीत, हे त्याला दिसत होतंच.

"अवं अल्का! तू काऊन अशी भिजून आली?" बेबीताईंनी हात वर केला. चोपन्न वर्षांच्या, विधवा, आवाजात जरब. सगळ्या कामकरणी त्यांना वचकून असत.

"ताई, टिकली काढा. सगळ्या जणी काढा. पाण्यात चला."

"काऊन?"

"यमुनाबाईला एकशे सहा होता. तुम्हाला घाम येत नाहीये, ताई. बघा अंगाला हात लावून."

ताईंनी मानेला हात लावून पाहिला. "मंग? घाम येऊ नये म्हणूनच तं लावली ना?"

"हा घाम यायला पाहिजे!"

"अल्का," ताई हळू आवाजात म्हणाल्या, "पाच वर्षांनी झोपले मी. तुले मालूम हाय. तूच म्हनली होतीस, माझ्याकडे बघा म्हणून. आता काढ म्हणतेस. उद्या पुन्हा लाव म्हणशील. आम्ही का खेळणं हावो तुझं?"

अल्काने थर्मामीटर पुढे धरलं. ताईंनी रागाने तोंडात घेतलं. एकशे चार पूर्णांक सहा.

"बिघडलं हाय ते."

ताईंनी ते झटकून निंबाखालच्या एका पोरसवदा सुनेच्या तोंडात घातलं. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. नव्व्याण्णव. ताईंनी पुन्हा स्वतःच्या तोंडात घेतलं. एकशे चार पूर्णांक सात. त्या आकड्याकडे बघत असतानाच त्यांच्या शेजारी बसलेली विमल हवेतून काहीतरी खुडू लागली. तिच्या हातात मिरची नव्हती. ती अंगठा आणि बोटाने नसलेले देठ तोडत होती आणि शांतपणे बाजूला टाकत होती.

"विमल," ताई म्हणाल्या. "विमल, काय करून राहिली?"

विमलने त्यांच्याकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

तेव्हा बेबीताई उठल्या. दोन हमालांना त्यांनी फाटकाबाहेर हाकललं आणि फाटक लावून घेतलं. "लुगडी सोडा!" त्या ओरडल्या. "लाज घरी ठेवा. सोडा!"

मिरच्यांवर शिंपडायच्या पाण्याचा एक हौद छपराखाली होता. कुणीतरी जवळची पोती भिजवून अंगावर टाकली आणि किंचाळली, पोत्यांत मिरचीची पूड होती. मग साड्याच भिजवल्या. अल्का ओरडून सांगत होती, नुसतं पाणी पुरत नाही, वारा पाहिजे. घामाचं काम काय असतं? पाणी उडून जातं आणि जाताना अंगाची आग सोबत घेऊन जातं. अंग देत नाही ते पाणी आपण द्यायचं. मिरचीतला कचरा उडवायचा मोठा पंखा दोघींनी ओढत आणला. त्याच्यासमोर ओल्या साड्यांत गुंडाळलेल्या नऊ बायका आणि दहावी अल्का. निंबाखालच्या बायका बादल्या ओतत होत्या. मिरचीची धूळ उडून सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण त्या दहा जणींना घामाचा थेंब नाही.

सव्वा तासाने विमल शंभरवर आली आणि आपल्या उघड्या अंगाकडे बघून रडायला लागली. तिचं रडणं ऐकून बाकीच्या सुटल्यासारख्या हसल्या.

त्याच वेळी अल्काचा फोन वाजला. जिल्ह्याच्या गावाहून होता. यमुना गेली होती.

*

बेचाळीस बायकांना दिवाकरच्या शाळेत आणलं. सुट्टीत वर्ग रिकामे होते. गावाने कूलर आणून दिले. दर अर्ध्या तासाला घंटा व्हायची आणि प्रत्येक बाई शेजारणीच्या तोंडात थर्मामीटर घालायची. स्वतःचं स्वतः सांगायचं नाही, हा नियम अल्काने केला होता. बरं वाटतंय म्हणणाऱ्या बाईवर कुणी विश्वास ठेवायचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून फोन आला. या वेळी केदार नव्हता, कुणीतरी वरचे साहेब होते. आवाज फार सभ्य होता. घटनेच्या अहवालात 'उष्माघात' एवढंच लिहिलं तर ते खरंच असेल, नाही का? चाचणीचं नाव घालायची गरज नाही. बायका घाबरतील.

"घाबरायलाच पाहिजे," अल्का म्हणाली आणि फोन ठेवला. तिने कोरा कागद पुढे ओढला.

दिवाकर दारात उभा होता. "काय लिहिणार आहेस?"

"जे झालं ते."

"अल्का, टिकल्या तू लावल्यास. सही तुझी आहे. कंपनी हात वर करेल आणि तू एकटी अडकशील. नोकरी जाईल. जेलसुद्धा होईल."

"माहीत आहे."

"मग?"

"दुसऱ्या जिल्ह्यांत पण देणार आहेत हो पुढच्या महिन्यात. अकोल्याला. जळगावला." तिने त्याच्याकडे पाहिलं. "मला भीती वाटतेय. तुम्ही इथं बसा. मी लिहीपर्यंत उठू नका."

तो बसला. तिने चार पानं लिहिली.

यमुनेची लेक सोनल पाचव्या दिवशी शाळेत आली. वीस वर्षांची पोर, हातात आईच्या चपला. त्या उपकेंद्राच्या भिंतीशीच राहिल्या होत्या आणि ती त्या न्यायला गेली होती.

"सिस्टर, आईले नेमकं काय झालं होतं? कोणी सांगत नाई."

अल्काने तिला सगळं सांगितलं. रेघा, टिकली, हिरवा दिवा. शेवटी म्हणाली, "तिला भीती वाटत होती. मी तिला समजावलं. माझ्या हाताने लावली."

सोनलने हातातल्या चपलांवरची धूळ झटकली. मग म्हणाली, "त्या दिवशी तळ्याच्या कामावर तिचे डोळे पाहून मीच तिले पाठवली. चालत. दोन किलोमीटर. मले वाटलं, तिले तर बरं हाय." ती गेली. माफ केलं की नाही ते तिने सांगितलं नाही आणि अल्काने विचारलंही नाही.

सातव्या दिवशी पहिला घाम आला. कुडेसावली गावच्या एका बाईच्या ओठांवर, मिशीसारखा. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी बोट लावून पाहिलं. नवव्या दिवशी बारा जणींना आला. घामामागून वाफाही परतल्या. बेबीताईंची वाफ जेवताना आली. ताट बाजूला सारून त्यांनी तिला आईबहिणीवरून शिव्या घातल्या, मग पदरात तोंड घालून रडल्या. आता पुन्हा त्या ओल्या उशा, पुन्हा त्या जागरणाच्या रात्री. तरी त्या घाम पुसेनात. तसाच ओघळू दिला.

तेराव्या दिवसापर्यंत एकेक करून सगळ्या घरी गेल्या. यमुनेचं तेरावंही त्याच दिवशी होतं. अल्का तिकडे गेली नाही. घाम येईपर्यंत उन्हात बाहेर पडायला तिला बंदी होती. तिच्या कानामागे टिकली दहा महिने होती, सगळ्यांच्या जवळजवळ दुप्पट. सतरावा दिवस गेला, एकविसावा गेला. केदार रोज फोन करायचा आणि रोज तेच विचारायचा. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिच्या मेंदूचे फोटो काढले, अहवाल पाहिले आणि म्हणाले, वाट बघू. किती वाट, हे तिने विचारलं तेव्हा त्यांनी पेन बंद करून खिशात ठेवलं.

बेबीताई तिच्या घरी राहायला आल्या होत्या. कुणी बोलावलं नव्हतं. दिवाकर बाहेर गेला की दर अर्ध्या तासाला त्या ओलं फडकं घेऊन यायच्या. चोविसाव्या दिवशी दुपारी त्या अल्काच्या हाताशी बसून तिचे दंड पुसत होत्या. लाइट गेली होती.

"ताई, मी तुमच्याशी खेळले नाही," अल्का मधेच म्हणाली.

"मालूम हाय मले."

"आणि हा घाम आलाच नाही तर?"

ताईंनी फडकं पिळलं. त्या काहीतरी सांगायला तोंड उघडत होत्या, तेवढ्यात अल्काच्या मनगटावर पाण्याचा एक थेंब दिसला. कोमट. टपोरा. फडकं तर अजून बादलीवर होतं.

अल्का तशीच, हात न हलवता, त्या थेंबाकडे बघत राहिली. "ताई," ती कुजबुजली. "ताई, बघा."

मग शेजारी दुसरा पडला आणि तिने मान वर केली. बेबीताईंना वाफ आली होती. लालबुंद चेहरा, घामाने डबडबलेला. हनुवटीवरून थेंब निथळत होते, अल्काच्या हातावर पडत होते.

ताईंना कळलं तिला काय वाटलं होतं ते. त्यांनी घाईघाईने पदराने हनुवटी पुसली, जणू काही चोरी पकडली गेली होती. मग ते दोन थेंबही पुसायला हात पुढे केला.

"राहू द्या," अल्का म्हणाली.

ताई तशाच बसून राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी थर्मामीटर उचललं आणि तिच्या तोंडात ठेवलं.